मुलीला चर्चच्या विद्यापीठात अर्ज करायचाय, आणि आमच्या घरी तुळशीची माळ

नाशिकहून एका आईंनी विचारलं आहे: "मुलगी बारावी सायन्सला आहे. पदवीसाठी अमेरिकेत अर्ज करायचा म्हणते. तिच्या यादीतली तीन नावं चर्चशी जोडलेली निघाली. नोटर डेम, जॉर्जटाउन आणि ब्रिगहॅम यंग. आमचं घर माळकरी, सासरे दरवर्षी वारीला जातात. आमच्या मुलीला तिथे घेतील का? घेतलं तर धर्म बदलायला लावतील का? आणि ब्रिगहॅम यंगची फी बाकीच्यांपेक्षा इतकी कमी कशी?"

ताई, गेली बावीस वर्षं मी पुण्यात परदेशी प्रवेशाचं काम करते. हा प्रश्न बहुतेक पालक फोनवर, आवाज खाली आणून विचारतात. तुम्ही मोकळेपणाने विचारलात, त्यामुळे सविस्तर लिहिते.

धर्म बदलायला यातलं कुठलंही विद्यापीठ लावत नाही. घेण्याचं म्हणाल, तर नोटर डेममध्ये आणि जॉर्जटाउनमध्ये हिंदू मुलं शिकतात आणि तिथे अर्ज करताना धर्माची अडचण येत नाही. ब्रिगहॅम यंगमध्येही दुसऱ्या धर्माच्या मुलांना प्रवेश मिळतो, पण तिथली गोष्ट बरीच वेगळी आहे. यादी करताना या तिघांना एका ओळीत बसवलंत तिथेच मला काळजी वाटली. आपल्याकडचं उदाहरण घ्या. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी १८६९ मध्ये काढलं आणि पुण्यात रामवाडीचं ज्ञानदीप विद्यापीठही ख्रिस्ती संस्थाच आहे. झेवियर्समध्ये सगळ्या जातिधर्मांची मुलं अर्थशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकतात, तर रामवाडीला मुख्यतः होणारे पाद्री तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकतात. 'ख्रिश्चन संस्था' एवढ्या एका शब्दावरून यातलं काहीच कळत नाही. अमेरिकेत हाच फरक शंभर पायऱ्यांवर पसरलेला आहे.

जॉर्जटाउन ही त्यातली सगळ्यात सैल पायरी म्हणा. वॉशिंग्टन शहरातलं हे विद्यापीठ १७८९ चं, अमेरिकेतलं सर्वांत जुनं कॅथलिक विद्यापीठ, आणि जेझुइटांचंच, म्हणजे झेवियर्सचं नातेवाईक. पदवीच्या मुलांना धर्मशास्त्राचे दोन कोर्स घ्यावे लागतात. त्यातला 'देवाचा प्रश्न' हा कोर्स तिथे फार प्रसिद्ध आहे. त्यात देव आहे असं मान्य करून घेत नाहीत, त्यावर वाचायला आणि वाद घालायला लावतात. या विद्यापीठाने १९९९ मध्ये पूर्णवेळ इमाम नेमले आणि २०१६ मध्ये हिंदू मुलांसाठी पूर्णवेळ धर्मगुरू. मुलांना ध्यान आणि पूजा करायला कॅम्पसवर 'धर्मालय' नावाची जागा आहे. तुमच्या सासऱ्यांना हे जरूर सांगा, त्यांचा जीव थोडा भांड्यात पडेल. इथे अवघड आहे ते गुणवत्तेचं आणि पैशाचं. शंभर अर्जांतले बारा-तेरा घेतात, एसएटी ही परीक्षा द्यावीच लागते, आणि परदेशी मुलांना आर्थिक मदत फारच थोडी मिळते.

नोटर डेममध्ये धर्म दिसतो. इंडियाना राज्यात साउथ बेंड गावाला लागून हे विद्यापीठ आहे. होली क्रॉस संघाच्या फादर सोरिन यांनी ते १८४२ मध्ये काढलं. पदवीच्या शंभर मुलांतली ऐंशीच्या आसपास कॅथलिक असतात. वसतिगृहं मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. प्रत्येक वसतिगृहात प्रार्थनेची खोली. रात्री ठरलेल्या वेळेनंतर मुलींच्या इमारतीत मुलगा थांबू शकत नाही, मुलांच्या इमारतीत मुलगी नाही. पहिली तीन वर्षं कॅम्पसवरच राहायचं. धर्मशास्त्राचे दोन कोर्स इथेही सक्तीचे आहेत. प्रार्थनेला जायची सक्ती मात्र नाही. तुमच्यासारख्या घरातल्या कित्येक आयांना हे वातावरण ऐकून बरंच वाटतं, मुलींना कधी कधी नाही वाटत. म्हणून हे वाचून दाखवायचं ते मुलीला.

नोटर डेमची एक गोष्ट पालकांपर्यंत पोचत नाही. वर्षाचा सगळा खर्च ८०,००० डॉलरच्या वर जातो, तो आकडा पाहून बहुतेक जण पान मिटतात. पण २०२४ मध्ये या विद्यापीठाने जाहीर केलं की परदेशी मुलांचा अर्जही घरची ऐपत न बघता तपासला जाईल, आणि घेतलेल्या मुलाची जितकी गरज ठरेल तितकी मदत कर्ज न देता केली जाईल. परदेशी मुलांना हे देणारी विद्यापीठं अमेरिकेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. तुमचं उत्पन्न मध्यम असेल तर ही दारं आधी ठोठावा. त्यासाठी कॉलेज बोर्डाचा सीएसएस प्रोफाइल हा आर्थिक फॉर्म भरावा लागतो. इन्कम टॅक्सची विवरणपत्रं, पीएफ, घराची किंमत, शेत असेल तर त्याचं उत्पन्न, सगळं खरं आणि एकमेकांशी जुळणारं लिहायचं. सातबारा आजोबांच्या नावावर असेल तर तसं लिहून स्पष्ट करा, लपवू नका.

आता ब्रिगहॅम यंग, ज्याच्यामुळे मी हे उत्तर इतकं लांबवते आहे.

युटा राज्यातल्या प्रोव्हो गावचं हे विद्यापीठ १८७५ चं. ते चालवतं चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, ज्यांना लोक मॉर्मन म्हणतात. फी कमी असण्याचं कारण या पंथाच्या एका प्रथेत आहे. सभासद आपल्या कमाईचा दहावा हिस्सा चर्चला देतात आणि त्या पैशातून विद्यापीठाचा बराच खर्च भागतो. सभासदांच्या मुलांना वर्षाची शिकवणीची फी ७,००० डॉलरच्या आसपास पडते. सभासद नसलेल्यांना त्याच्या दुप्पट. दुप्पट का, तर त्यांच्या घरून तो दहावा हिस्सा आलेला नसतो. यात मला अन्याय दिसत नाही. दुप्पट भरूनही ही फी अमेरिकेतल्या बहुतेक खाजगी विद्यापीठांपेक्षा बरीच कमी राहते. लेखाशास्त्र आणि अ‍ॅनिमेशन या विषयांत तिथलं शिक्षण नावाजलेलं आहे. म्हणून आपल्याकडची हिशोबी घरं या नावापाशी थांबतात, आणि फीच्या तक्त्याखाली काय लिहिलंय ते वाचत नाहीत.

तिथे लिहिलेला असतो ऑनर कोड, म्हणजे विद्यापीठाचा आचारनियम. प्रवेश घेताना प्रत्येक मुलाला त्यावर सही करावी लागते, मग तो कुठल्याही धर्माचा असो. दारू, सिगारेट, नशा नाही, हे तुम्ही सहज मान्य कराल. त्याच ओळीत पुढे कॉफी आणि चहा आहे. हो, चहा. आणि नियम कॅम्पसच्या दाराशी संपत नाही, बाहेरही लागू असतो. लग्नाआधी शरीरसंबंध नाहीत. मुलाच्या खोलीत मुलगी नाही, मुलीच्या खोलीत मुलगा नाही. कपड्यांचे नियम आहेत. मुलांनी दाढी राखायची नाही. धार्मिक किंवा वैद्यकीय कारण असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते. चर्चला नियमित जाण्याची अट फक्त त्यांच्या सभासदांना आहे, तुमच्या मुलीला नाही. धर्माच्या अभ्यासाचे चौदा क्रेडिट मात्र सगळ्यांना पूर्ण करावे लागतात आणि त्यात बुक ऑफ मॉर्मनचा कोर्सही येतो. मंगळवारी अकरा वाजता प्रवचन असतं, त्या वेळी कॅम्पसचे बाकी व्यवहार थांबतात. रविवारी ग्रंथालय बंद. सोमवारी परीक्षा असली तरी बंद.

याशिवाय लागते ती धर्मगुरूची शिफारस. अर्जाच्या वेळी त्यांच्या बिशपबरोबर मुलाखत होते. त्यांच्याकडे बिशप म्हणजे स्थानिक मंडळीचा प्रमुख, पगार न घेता काम करणारा, बहुधा एखादा नोकरदार माणूस. तो उमेदवाराला नियम समजावून सांगतो आणि पाळणार का ते विचारतो. पुढे दरवर्षी ही शिफारस नवी करावी लागते. दुसऱ्या धर्माच्या मुलांना ती आपल्या धर्मगुरूकडून, तिथल्या बिशपकडून किंवा विद्यापीठाने नेमलेल्या धर्मगुरूकडून (चॅप्लेन) घेता येते. आपल्याकडे पाद्र्यासारखा, कुटुंबाला आठवड्याच्या आठवड्याला भेटणारा धर्मगुरू नसतो, त्यामुळे पालक गोंधळतात. सत्यनारायणाला येणाऱ्या गुरुजींकडून लेटरहेडवर चार ओळी लिहून आणतात. तसं करू नका. प्रवेश कार्यालयाला सरळ ई-मेल करा: आम्ही हिंदू आहोत, आमच्या भागात तुमची मंडळी कुठे आहे, मुलाखत कशी घ्यायची. या कार्यालयांना असे प्रश्न नेहमीचे आहेत, उत्तर येतं.

मग तुमच्या मुलीने तिथे अर्ज करावा का? ती मनापासून तसं राहू शकत असेल तर करावा. नुसती फी बघून करू नये. कारण सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडचा एक मुलगा अशाच कडक नियमांच्या एका कॉलेजात गेला. कॉलेजचं नाव घेत नाही. हुशार, सरळ मुलगा. वसतिगृहात ठरलेल्या वेळेनंतर मैत्रीण खोलीत अभ्यासाला थांबली. दार उघडं होतं, पुस्तकं समोर होती. पहिल्या वेळी ताकीद मिळाली, दुसऱ्या वेळी शिस्तभंगाची चौकशी. रात्री अडीचला त्याच्या वडिलांचा मला फोन आला. त्यांना एकच भीती होती, काढून टाकलं तर व्हिसाचं काय? भीती खरी होती. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला विद्यापीठाने निलंबित केलं किंवा काढलं, की सेव्हिस या सरकारी नोंदीत त्याचा दर्जा संपवला जातो आणि मग देश सोडायला फारशी मुदत मिळत नाही. अमेरिकन मुलगा त्याच चुकीसाठी एक सत्र घरी बसून परत येतो. आपल्या मुलासाठी तीच चूक विमानाच्या तिकिटापर्यंत जाते. तो मुलगा त्या वेळी लेखी माफीवर सुटला. पण त्या कॉलेजची नियमपुस्तिका अर्जाआधी मी वाचली नव्हती, त्यालाही वाचायला लावली नव्हती. ती माझी चूक होती आणि अजूनही आठवते.

तेव्हापासून माझ्याकडे एक रीत आहे. ज्या विद्यापीठाचा स्वतःचा आचारनियम आहे, तो आम्ही पालकांसमोर मोठ्याने वाचतो, एकेका वाक्यावर थांबून. मग मुलाने महिनाभर घरी तसं राहून बघायचं. चहा नाही तर महिनाभर खरोखर नाही, पाहुणे आले तरी नाही, परीक्षेच्या रात्रीही नाही. काही मुलं आठव्या दिवशी येऊन सांगतात, "मॅडम, नाव काढा." काही मुलं तिसाव्या दिवशी म्हणतात, "मला काहीच वाटलं नाही." या दुसऱ्या गटातल्या मुलांचे अर्ज मी आनंदाने भरते. पहिल्यांचं वर्ष आणि पैसे वाचतात.

एक नाजूक गोष्टही सांगायला हवी. लिंगभेदाविरुद्धचा अमेरिकेतला १९७२ चा शिक्षण कायदा धार्मिक संस्थांना त्यांच्या श्रद्धेच्या विरोधात जाणाऱ्या तरतुदींतून सूट देतो. समलिंगी मुलामुलींसाठी काही कॅम्पस फार कठीण असतात, काही मायेचे असतात. आपल्या मुलांनी ही गोष्ट घरी सांगितलेली नसते. म्हणून मी प्रत्येक मुलाला एकटं बसवून विचारते, की या नियमांत तुला स्वतःबद्दल काही लपवावं लागेल का? उत्तर मला नाही दिलं तरी चालतं. त्याने स्वतःला द्यायला हवं.

काही ठिकाणी तुमचा अर्ज चालणारच नाही, हेही लक्षात असू दे. लॉस एंजेलिसजवळचं बायोला विद्यापीठ पदवीसाठी ख्रिस्ती श्रद्धा असलेल्याच मुलांना घेतं. मधल्या पायऱ्याही आहेत. टेक्सासमधल्या वेको गावचं बेलर विद्यापीठ बाप्टिस्टांचं, १८४५ चं. तिथे सगळ्या धर्मांच्या मुलांना घेतात, पण पदवीच्या मुलांना बायबल आणि ख्रिस्ती परंपरा यांवरचे दोन कोर्स आणि दोन सत्रं चॅपल, म्हणजे प्रार्थनासभा, करावं लागतं. एमएसला जाणाऱ्या मुलांसाठी हे सगळं बरंच सैल होतं. शिकागोचं डीपॉल, सिलिकॉन व्हॅलीतलं सांता क्लारा, सेंट लुइस विद्यापीठ, डॅलसचं सदर्न मेथडिस्ट, न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठाचं काट्झ स्कूल, या सगळ्यांना धार्मिक मूळ आहे आणि तिथे डेटा सायन्स शिकणाऱ्या भारतीय मुलांना ते एरवी जाणवतही नाही. येशिवाला शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस असतो, तेव्हा कार्यालयात फोन कोणी उचलणार नाही, एवढं धरून चाला.

अर्जातल्या निबंधाबद्दल आता. धार्मिक विद्यापीठाला लिहायचं म्हणून मुलं उसनी श्रद्धा आणतात. बायबलमधलं एखादं वचन शोधून पहिल्या ओळीत टाकतात, 'मला येशूच्या शिकवणीने प्रेरणा दिली' असं लिहितात. वाचणारा माणूस आयुष्यभर त्या परंपरेत वाढलेला असतो, त्याला हे पहिल्या परिच्छेदात कळतं. दुसरीकडे काही मुलं घाबरून स्वतःचा धर्म पुसून टाकतात, घरात देवघरच नसल्यासारखं लिहितात. दोन्ही गोष्टी अर्जाला मारतात.

माझ्याकडच्या एका मुलीने जेझुइट विद्यापीठासाठी लिहिलं होतं, की पालखी वाल्ह्याला मुक्कामी असताना ती आजीबरोबर पत्र्याच्या शेडखाली बसून वारकऱ्यांच्या पायांना तेल लावायची. एका म्हाताऱ्या बाईच्या टाचेच्या भेगेत खडा अडकलेला होता. तो काढताना त्या बाईने तिला 'माउली' म्हटलं आणि पंधरा वर्षांच्या पोरीला काय बोलावं ते सुचेना. बस, एवढंच. ख्रिस्ती धर्माचं नाव नाही, सगळे धर्म एकच असं भाषण नाही. जेझुइटांचे प्रमुख पेद्रो आरुपे यांनी १९७३ मध्ये सांगितलं होतं, की आमच्या शाळांतून इतरांसाठी जगणारी माणसं निघायला हवीत. आजही त्यांच्या सगळ्या संस्था याच भाषेत बोलतात. त्या मुलीला हे माहीत नव्हतं. तिला प्रवेश मिळाला. तुमच्या घरी तर वारी चालत आलेली आहे. मुलगी आजोबांबरोबर कधी चालली असेल, दिंडीच्या स्वयंपाकाला बसली असेल, किंवा वारीचा तिला मनापासून कंटाळा येत असेल, जे खरं असेल तेच तिने लिहावं. कंटाळ्यावरही चांगला निबंध होतो.

शिफारसपत्रं आपल्या ज्युनिअर कॉलेजात सगळ्यात जास्त रखडतात. सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." असं पत्र चालत नाही, आणि आचारनियम मानणाऱ्या विद्यापीठाकडे जाताना तर हा खोटेपणा पहिल्याच पावलाला होतो. जून-जुलैमध्येच सरांना भेटा, मुलीने वर्गात काय केलं ते त्यांना आठवून द्या, पत्र त्यांना त्यांच्या शब्दांत लिहू द्या. मराठीत विचार करून साध्या इंग्रजीत लिहिलेलं पत्रही उत्तम चालतं.

व्हिसाच्या मुलाखतीत मुंबईला बीकेसीच्या अमेरिकन कौन्सुलेटमध्ये धर्मावर प्रश्न येईल अशी भीती बाळगू नका. तिथे 'हेच विद्यापीठ का' हे विचारतात, आणि दोन मिनिटांत उत्तर द्यायचं असतं. "फी कमी आहे" एवढंच उत्तर अपुरं पडतं. विषय, तिथला विभाग, आणि पैशांची सोय, हे तिने स्वतःच्या शब्दांत सांगावं. आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद, येण्यासाठी किमान पहिल्या वर्षाच्या पूर्ण खर्चाचा पुरावा लागतो. आय-ट्वेंटी आल्यावर, मुलाखतीच्या आधी ३५० डॉलर सेव्हिस शुल्क भरायचं आणि पावती बरोबर न्यायची.

तुमच्या तीन नावांचं काय करायचं ते सांगते. नोटर डेम आणि जॉर्जटाउन दोन्हीकडे लवकरच्या फेरीची मुदत १ नोव्हेंबरच्या आसपास असते आणि ती फेरी बांधून घेणारी नसते, म्हणजे प्रवेश मिळाला तरी जायलाच हवं असं नाही. दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज करता येतो, फक्त त्याच फेरीत तिसऱ्या कुठल्या विद्यापीठात बांधून घेणारा अर्ज करायचा नाही. या वर्षीच्या तारखा त्यांच्या संकेतस्थळावरून घ्या. ब्रिगहॅम यंगचं नाव महिनाभर बाजूला ठेवा. उद्या सकाळी मुलीच्या हातात चहाऐवजी दूध द्या, आणि तिलाच सांगू द्या, की हा महिना ती मोजणार आहे का.